थोरल्याला गढी, धाकट्यांना समुद्र : मित्रास पत्र

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लेकीकडे अ‍ॅबर्डीनला सुखरूप पोहोचल्याचे तुझे पत्र मिळाले आणि त्यासोबतचे छायाचित्रही. किंग्ज कॉलेजच्या चॅपेलसमोर एका बिशपची आडवी निजलेली मूर्ती, भोवती उभे पुतळे आणि त्या साऱ्यावर 'एल्फिन्स्टन' हे नाव पाहून तू थंडीवाऱ्यात जागीच थबकलास, असे लिहिले आहेस. थबकणारच! आपण दोघे इतकी वर्षे सकाळी ज्या फलाटावर गर्दीने ढकलून उतरवले गेलो, त्या एल्फिन्स्टन रोडचा धनी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पाद्र्याच्या वेषात सापडला, तर कोणीही चक्रावेल. 'आपल्या स्टेशनातला तो हाच का, की खडकीच्या लढाईतला, की कॉलेजवाला, आणि हे सगळे एकच का?' असा तुझा प्रश्न आहे. एका ओळीत उत्तर द्यायचे तर हे सगळे एक नव्हेत, खडकीवाला आणि कॉलेजवाला तेवढे एक, आणि स्टेशनातला तर आपण समजत होतो तो नव्हेच. पण एका ओळीत उत्तर देण्याची आपल्या मैत्रीत रीत नाही, तेव्हा चहा घेऊन बैस.

आधी तुझ्या बिशपचा निकाल लावतो. विल्यम एल्फिन्स्टन हा पंधराव्या शतकातला माणूस. १४३१ साली जन्मला आणि १५१४ साली वारला. पोप सहाव्या अलेक्झांडरची आज्ञा मिळवून १४९५ साली त्याने तुझ्या समोरचे ते विद्यापीठ उभारले आणि स्कॉटलंडमध्ये छापखाना यावा म्हणूनही खटपट केली. तो या घराण्याच्या थोरल्या पातीचा नव्हता. एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा होता. थोरली पाती एडिंबरोच्या पूर्वेकडे ट्रॅनेंट गावाजवळच्या एल्फिन्स्टन या मौजाची. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते तसेच हे, फक्त शेवटचा 'कर' नाही. त्या पातीतल्या अलेक्झांडरला राजा चौथा जेम्स याने १५१० साली लॉर्ड केले. पुढे तीनच वर्षांनी इंग्लंडशी युद्ध उभे राहिले. म्हातारा बिशप युद्ध नको म्हणत होता. कोणी ऐकले नाही. फ्लॉडनच्या रणात राजा पडला आणि त्याच दिवशी पहिला लॉर्ड एल्फिन्स्टनही पडला. दुसरा लॉर्ड १५४७ साली पिंकीच्या लढाईत गेला. म्हणजे किताब मिळाल्यावर पहिल्या दोन पिढ्या रणातच संपल्या. शहाण्या एल्फिन्स्टनचा सल्ला एकीकडे आणि त्याच नावाचा माणूस रणात दुसरीकडे, हा प्रकार या घराण्यात पुन्हा एकदा, फार मोठ्या प्रमाणावर घडला. त्याकडे येतोच.

मधल्या दोनशे वर्षांतले एकच नाव सांगून पुढे जातो. याच कुळातून बामेरिनो नावाच्या लॉर्डांची शाखा फुटली होती. तिचा सहावा लॉर्ड आर्थर एल्फिन्स्टन हा परागंदा स्टुअर्ट राजपुत्राच्या बंडात सामील झाला, पकडला गेला आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचे डोके उडवले गेले. शेवटपर्यंत त्याने माफी मागितली नाही. घराण्याची ती शाखा तेथेच खुंटली. आणि नेमक्या त्याच साली, जानेवारीत, थोरल्या पातीत स्टर्लिंगजवळ एक मुलगा जन्मला, जो पुढे इंग्लंडच्या राजाच्या आरमारात अ‍ॅडमिरल झाला.

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते या नावाचे सारे कोडे याच पिढीत आहे. दहावे लॉर्ड चार्ल्स एल्फिन्स्टन यांना मुले पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. आपल्याकडे असते तर वाटण्या झाल्या असत्या. तिकडे वाटणी नाही. किताब, गढी आणि जमीन सगळी थोरल्याची, आणि धाकट्यांनी आपले नशीब बाहेर शोधायचे. त्यात आणखी एक गंमत अशी की, स्कॉटिश लॉर्डाला स्वतःला पार्लमेंटच्या कॉमन्स सभेत बसता येत नसे आणि त्याच्या वारस मुलालाही स्कॉटलंडच्या जागेवरून निवडून येता येत नसे. धाकट्यांना मात्र ती मनाई नव्हती. म्हणजे समुद्र धाकट्यांचा, ईस्ट इंडिया कंपनी धाकट्यांची आणि निवडून येण्याचे राजकारणही धाकट्यांचेच. थोरल्याने फक्त नाव सांभाळायचे.

याच्या शेजारी आपले आंग्रे ठेवून बघ. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या तोडीचे आरमार कोणाचे नव्हते. पुढे त्यांच्या मुलांपैकी सेखोजी लवकर वारले आणि मानाजी व संभाजी यांचे जुळेना. १७३५ साली बाजीरावांनी मध्ये पडून दौलतीचे दोन तुकडे केले : कुलाबा मानाजींना, विजयदुर्ग संभाजींना, किताबाने एक वजारतमाब, दुसरा सरखेल. संभाजींनंतर त्यांचे भाऊ तुळाजी आले आणि १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जाळले. पेशव्यांची चूक केवढी मोठी होती, यावर आपण लोकलमध्ये पुष्कळ भांडलो आहोत. तो विषय आज काढत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, एका घरात सगळ्या भावांना तेच एक आरमार हवे होते, आणि दुसऱ्या घरात धाकट्या भावांना घरातले काहीच मिळणार नव्हते, म्हणून ते दुसऱ्यांच्या जहाजांवर चढले. पहिली पद्धत माणुसकीची, दुसरी निष्ठुर. पण साम्राज्ये कोणत्या पद्धतीने वाढली ते उघड आहे.

तर त्या दहाव्या लॉर्डांचे दोन धाकटे. विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीच्या जहाजावर कप्तान झाला आणि पुढे लंडनला कंपनीचा डायरेक्टर. तीन वेळा अध्यक्षही. डायरेक्टर म्हणजे काय हे आपल्या मंडळींना सांगायला नको. हिंदुस्थानात कारकून आणि कॅडेट म्हणून कोणाची पोरे जायची, त्या नेमणुका वाटून घेण्याचा हक्क डायरेक्टरांना असे. शुद्ध मराठीत वशिला. फक्त तो उघड, मोजलेला आणि कायदेशीर होता. दुसरा धाकटा जॉर्ज कीथ, पाचवा मुलगा, ज्याचा जन्म मी वर सांगितला. तो १७६१ साली आरमारात शिरला. लढाई थांबल्यावर काम मिळेना, तेव्हा १७६७ साली कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे गेला. नातेवाइकाने उसने दिलेले दोन हजार पौंड त्याने व्यापारात घातले आणि परत येताना बऱ्यापैकी श्रीमंतीचा पाया घालून आला. हा माणूस मला नेल्सनपेक्षा जास्त कळतो. नेल्सन म्हणजे नाटक. हा म्हणजे खातेवही.

खातेवहीत नोंदी मात्र मोठ्या आहेत. १७९५ साली डचांकडून दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचे केपचे राज्य घेतले, ते याच्या आरमाराने. पुढच्या वर्षी सल्दान्हा उपसागरात डचांचा सगळा काफिला लढाई न करता याच्या स्वाधीन झाला आणि बक्षिसाच्या पैशाने तो गब्बर झाला. मधल्या काळात तो कॉमन्स सभेतही बसून आला. १७९९ साली भूमध्य समुद्रातले मुख्य अधिकार त्याच्याकडे आले. हाताखाली नेल्सन, आणि नेल्सन त्याचे हुकूम ऐकेना! १८०० च्या मार्चमध्ये इटलीतल्या लिव्होर्नोच्या किनाऱ्याजवळ त्याचे निशाणाचे जहाज 'क्वीन शार्लट' पेटले आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो स्वतः त्या वेळी किनाऱ्यावर होता म्हणून वाचला. १८०१ साली इजिप्तमध्ये अबुकीरला इंग्रजी फौज उतरवली तीही त्यानेच. एवढे सारे करूनही एल्फिन्स्टन या नावाने तो कोणाला माहीत नाही, कारण किताब घेताना त्याने आईकडच्या थोर घराण्याचे कीथ हे नाव घेतले आणि इतिहासात लॉर्ड कीथ म्हणून राहिला.

त्याच्या आयुष्यातला खरा प्रसंग मात्र समुद्रावरच्या लढाईचा नाही. वॉटर्लूनंतर नेपोलियन 'बेलेरोफॉन' या जहाजावर इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि जहाज प्लिमथला येऊन थांबले. तेथला मुख्य अ‍ॅडमिरल लॉर्ड कीथ. ३१ जुलै १८१५ रोजी जहाजावर जाऊन 'तुम्हांला सेंट हेलेनाला नेण्याचे ठरले आहे' हे सम्राटाला सांगण्याचे काम त्याच्यावर आले. त्याच्या आधी काही आठवड्यांपूर्वीच, वॉटर्लूच्या आदल्या दिवशी, त्याचा पुतण्या कॅप्टन एल्फिन्स्टन जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती सापडला होता आणि नेपोलियनने त्या पोराला वाइन देववून सावरले होते. त्या उपकाराची जाणीव मनात असलेल्या काकाला हा निरोप सांगायचा होता. यापुढचे ऐक. या अ‍ॅडमिरलची मुलगी मार्गारेट हिने दोनच वर्षांनी, १८१७ मध्ये, वडिलांचा विरोध न जुमानता लग्न केले ते काउंट द फ्लाओ याच्याशी, जो वॉटर्लूला नेपोलियनच्या खास तैनातीत होता. ज्याने सम्राटाला बेटावर धाडले, त्याच्या घरात सम्राटाचा सरदार जावई म्हणून आला. आणि याच मार्गारेटच्या मुलीचा मुलगा म्हणजे १८८८ ते १८९४ या काळातले आपले व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन. कादंबरीत कोणी असे लिहिले, तर आपण ते जुळवून आणलेले म्हणून सोडून देऊ.

आता आपल्या घरच्या एल्फिन्स्टनकडे. माउंटस्टुअर्ट हा गढी मिळालेल्या अकराव्या लॉर्डांचा चौथा मुलगा, म्हणजे अ‍ॅडमिरल कीथ आणि डायरेक्टर विल्यम हे दोघेही त्याचे सख्खे काका. १७७९ चा जन्म. सोळा वर्षांचा असताना काकांच्या कंपनीत कारकुनी मिळून तो निघाला आणि १७९६ च्या आरंभी कलकत्त्यास पोहोचला. पुढचे तुला बरेच ठाऊक आहे : १८०३ साली मराठ्यांविरुद्ध असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर, मग नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, १८११ पासून पुण्याच्या संगमावर. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून, पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवरून पेशव्यांशी बिनसणे, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी. परवाच तिकडून येताना ती तारीख आठवली. बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होते, एल्फिन्स्टन नदी ओलांडून आपल्या पलटणीत जाऊन मिळाला होता आणि मागे संगमावरचा त्याचा बंगला पेटला होता. त्यात त्याचा सारा ग्रंथसंग्रह जळाला. त्याने आपले राज्य घेतले, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही जळलेल्या पुस्तकांबद्दल मला वाईट वाटते, हेही खरे. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली ती त्याच्याच कारकिर्दीत. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातून पुढे जे उभे राहिले ते एल्फिन्स्टन कॉलेज. दादाभाई नवरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि नंतर बाबासाहेब आंबेडकर तेथले. म्हणजे तुझ्या प्रश्नातले खडकीवाला आणि कॉलेजवाला हे दोघे एक. आपल्या जुन्या माणसांनी त्याचा 'अलपिष्टन' करून त्याला घरातलाच करून टाकला होता.

वर म्हटले होते की शहाण्याचा सल्ला आणि रण हा खेळ या घराण्यात पुन्हा झाला, तो असा. पुण्याला येण्यापूर्वी, १८०९ साली, माउंटस्टुअर्ट वकील म्हणून पेशावरला जाऊन अफगाणांच्या शाह शुजाला भेटला होता. त्या देशाविषयी त्याने १८१५ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ पुढे दोन पिढ्या इंग्रज उशाशी घेऊन झोपत होते. शुजाचे तख्त तर वकिलात परतते न परतते तोच गेले. तीस वर्षांनी इंग्रजांना त्याच शुजाला पुन्हा गादीवर बसवण्याची हुक्की आली. तोवर माउंटस्टुअर्ट इंग्लंडात निवृत्त होऊन बसला होता. त्याने बजावले की फौज घेऊन जाल तर कंदाहार आणि काबूल घ्याल, शुजाला बसवालही. पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात, त्या लोकांत त्याला टिकवून धरणे मला अशक्य दिसते. झाले अगदी तसेच, आणि ते निस्तरताना काबूलच्या फौजेवर सेनापती म्हणून कोण होता? मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. डायरेक्टर काकांचा मुलगा, म्हणजे माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलत भाऊ आणि नेपोलियनने ज्याला वाइन पाजवली त्या कॅप्टनचा भाऊ. हा स्वतः वॉटर्लूला एका पलटणीचा मुख्य होता. पण १८४१ साली तो साठीला टेकला होता, संधिवाताने जर्जर होता आणि कोणताही निर्णय त्याच्याने होत नव्हता. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार शिपाई आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून काबूलबाहेर पडले. आठवड्याने जलालाबादच्या तटावरून लोकांना घोड्यावर लवंडत येणारा डॉक्टर ब्रायडन दिसला, तेथवर पोहोचलेला जवळजवळ एकटाच. एल्फिन्स्टन अफगाणांच्या कैदेतच एप्रिलमध्ये वारला. त्या बाजारबुणग्यांत बहुतेक सगळे आपल्याच देशाचे लोक, आणि त्यांची नावे कोणत्याही स्टेशनाला लागली नाहीत. वशिल्याने घरात येणारी पदे बहुधा निभावतात. पण कधीतरी असा माणूस अशा जागी जाऊन बसतो आणि किंमत भलतेच लोक देतात.

आरमाराकडची एक दूरची पातीही होती, ओर्कनी बेटांकडची. तिच्यातला कॅप्टन जॉन एल्फिन्स्टन रशियाच्या राणीच्या चाकरीत अ‍ॅडमिरल झाला आणि १७७० साली चेश्मेच्या खाडीत तुर्कांचे आरमार जाळले गेले तेव्हा तेथे होता. नंतर स्वतःचे जहाज खडकावर घालून रशियाची नोकरी गमावून बसला. त्याच्याच वंशात पुढे सर हॉवर्ड एल्फिन्स्टन झाला. त्याने क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि राणी व्हिक्टोरियाच्या प्रिन्स आर्थर या मुलाला लहानाचा मोठा केला. हा आर्थर म्हणजेच ड्यूक ऑफ कॅनॉट, जो पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेचा मुख्य म्हणून पुण्यात राहिला. सर हॉवर्ड मात्र १८९० साली जहाजावरून तोल जाऊन समुद्रात पडला आणि सापडलाच नाही.

आता आपले स्टेशन. ते नाव तेरावे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा. म्हणजे पुन्हा काका-पुतण्या. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नाते ऐकले की आधी 'काका, मला वाचवा' आठवते, पण यांच्यात पुतण्याने काकाची गादी पंचवीस-सव्वीस वर्षांनी चालवली, एवढाच प्रकार आहे. हा आधी मद्रासला गव्हर्नर होता. तरुण राणी व्हिक्टोरियाची त्याच्यावर मर्जी दिसली म्हणून त्याला तिकडे दूर धाडले, अशी त्या काळी कुजबुज होती. १८५३ च्या डिसेंबरात तो मुंबईला आला, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावू लागल्यावर आठ महिन्यांनी. १८५७ त्याच्याच वेळचे. एकाच वर्षात जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच महिन्यात कोल्हापूरची पलटण उठली, आणि ऑक्टोबरात आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला दोन शिपाई तोफेच्या तोंडी दिले गेले. माथेरानला हवा खायला जाण्याची सवयही त्यानेच साहेबलोकांना लावली. १८६० साली तो वारला. टाउन हॉलसमोरच्या वर्तुळाला आणि त्या स्टेशनाला त्याचे नाव पडले. ते वर्तुळ स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झाले. स्टेशनाचे नाव वर्तमानपत्रांत शेवटचे ठळक झाले ते २९ सप्टेंबर २०१७ च्या त्या पुलावरच्या चेंगराचेंगरीने, ज्यात तेवीस माणसे गेली. पुढच्या वर्षी जुलैत ते प्रभादेवी झाले. मला ते योग्यच वाटते. देवी तेथे साहेबाच्या आधीपासून आहे.

एक गोष्ट हे सारे जुळवताना ध्यानात आली. लॉर्ड कीथला मुलगीच वारस राहिली, आणि माउंटस्टुअर्ट व स्टेशनवाला लॉर्ड या दोघांनी लग्नच केले नाही. ज्यांनी नाव मोठे केले त्यांच्या घरी ते पुढे चालवायला मुलगा नव्हता. किताब मात्र चुलत घरांतून फिरत आजही चालू आहे.

तू फेब्रुवारीत येशील तेव्हा एक बेत ठरवून ठेव. टाउन हॉलातल्या एशियाटिक सोसायटीच्या त्या तीस पायऱ्या आपण चढू, गुडघे कुरकुरले तर मध्ये थांबू. आत काका आणि पुतण्या, दोघांचेही संगमरवरी पुतळे आहेत. तू पाटी न वाचता ओळखायचे, खडकीवाला कोणता आणि आपल्या फलाटावरचा कोणता. चुकलास तर चर्चगेटच्या बाजूला चहा तुझ्याकडून. लेकीला आशीर्वाद, आणि तेथल्या थंडीत टोपी घालत जा.

तुझा,
बालमित्र